मोहिनी स्त्रीपात्रांची नावे (कोकण)

पुरुषाला भुरळ घालून संकटात लोटणाऱ्या कल्पित स्त्रीपात्राचे नामकरण. पुराणांतील मोहिनी हा याचा ठळक नमुना. भस्मासुराला नाचवत मारणाऱ्या या मोहिनीची कथा चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये पडद्यावर आणली. मात्र असे नाव पात्राचे सगळे गुपित आधीच फोडते. कोकणातील लेखकांनी बहुधा उलटी वाट धरली.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली परिसरात घडणाऱ्या कादंबरीची नायिका राधा. गावाच्या नजरेत ती बदनाम बाई. नाव मात्र देवघरातले. कृष्णाची राधाही लौकिक चौकटीबाहेरची, हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून या नावातच गावाचा आरोप आणि त्याचे उत्तर दोन्ही सामावतात. पेंडशांनी ही निवड किती जाणूनबुजून केली ते सांगता येत नाही, पण ती अचूक आहे.

दूरचित्रवाणीवरील गाजलेले उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’मधील शेवंता. ही मालिका सिंधुदुर्गात घडते. 2019 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक या पात्राला वेड लावणारी ही बाई अपूर्वा नेमळेकर यांनी साकारली. शेवंता हे जुन्या वळणाचे, फुलावरून आलेले साधे नाव. ‘विषया’ किंवा ‘नागिणी’ असे काही ठेवले असते तर पात्र हास्यास्पद झाले असते. फ्रेंच लेखक मेरिमेच्या 1845 मधील कथेतील अशाच मोहिनीचे कार्मेन हेही स्पेनमधले घरोघरचे नाव आहे.