जोर दिसला, दिशा नाही: एडीएक्सची गोष्ट

मी लखनौहून बोलतोय. आज एडीएक्स, म्हणजे ॲव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स, कुठून आला आणि मला महागात का पडला, ते सांगतो.

१९७८ साली जे. वेल्स वाइल्डर यांचं ‘न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स’ हे पुस्तक अमेरिकेत आलं. वाइल्डर मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. आरएसआय, एटीआर, पॅराबॉलिक एसएआर आणि एडीएक्स ही चारही साधनं त्या एकाच पुस्तकातली. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते; कागद आणि कॅल्क्युलेटरवर जमेल असंच ते गणित आहे.

आजचा भाव कालच्या उच्चांकाच्या किती वर गेला आणि कालच्या नीचांकाच्या किती खाली गेला, यातला मोठा आकडा धरायचा. १४ दिवसांच्या सरासरीनं दोन रेषा निघतात: चढाची प्लस डीआय, उताराची मायनस डीआय. त्या दोन्हींतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागायचं, शंभरानं गुणायचं आणि पुन्हा सरासरी काढायची. हा झाला एडीएक्स. पण फरक काढताना कोणती रेषा मोठी, हे सोडून दिलेलं असतं. म्हणून एडीएक्स २५ च्या वर गेला की कल जोरात आहे एवढंच कळतं. तो वर चाललाय की खाली, हे कळत नाही.

नेमकं हेच मला माहीत नव्हतं. १० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०० च्या पार गेला होता. ऑक्टोबरात तो कोसळत असताना इथल्या हजरतगंजमध्ये एका ब्रोकरकडे मी एका शेअरचा चार्ट पाहिला. एडीएक्स चढत होता. मला वाटलं, आता भाव उसळणार. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे लावले. २७ ऑक्टोबरला सेन्सेक्स ८,००० च्याही खाली जाऊन आला. माझे निम्मे पैसे गेले.

बायको गाणं शिकवते. पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली इथं जे संगीत महाविद्यालय सुरू झालं, तिथंच ती शिकली. सगळं ऐकून ती म्हणाली, “अहो, तान द्रुत आहे म्हणजे ती आरोहीच असते, असं कुठंय?”

तेव्हापासून मी आधी दोन डीआय पाहतो, मग एडीएक्स. तुम्हीही हाच क्रम ठेवा. आणि फीचे पैसे बाजारात आणू नका.