श्रवणबाळ आणि सून



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण घरगुती आहे. मागच्या पावसाळ्यात सौ. मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं, आठवड्याने धरणगावला घरी आणलं. मुलगा पुण्याहून आला, लेक नाशिकहून आली. रजा संपली तशी दोघं परत गेली. त्यात त्यांचा दोष नाही, नोकऱ्या आहेत. मग राहिलो आम्ही दोघं. पंचाहत्तरी गाठलेला मी बेडपॅन द्यायला, कूस बदलून द्यायला, पाठीला पावडर लावायला शिकलो.

एका रात्री तिने तिसऱ्यांदा हाक मारली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पुन्हा?" ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आईंचं मी सहा वर्षं केलं. तुम्ही झोपलेले असायचे."

त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. आईला 1995 च्या दिवाळीत अर्धांगवायू झाला, ती 2001 साली गेली. दवाखान्याची बिलं मी व्यवस्थित फाईलला लावली होती. त्यातली काही रक्कम मिळालीही. पण सहा वर्षांच्या त्या रात्रींचं बिल कुठल्या फाईलला लावणार? ते मी कधी मनातसुद्धा मांडलं नव्हतं. गावात माझं कौतुक व्हायचं, "सरांनी आईचं फार केलं."

मी जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून सवयीने सनावळी मांडून पाहिली. ज्या 1995 मध्ये आमची आई अंथरुणाला खिळली, त्याच वर्षी तीन गोष्टी घडल्या होत्या. 1 एप्रिलला जर्मनीत शुश्रूषा विम्यातून घरी सांभाळल्या जाणाऱ्या माणसांना मदत मिळू लागली. 15 ऑगस्टला आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू केली. 65 वर्षांवरच्या निराधारांना महिना 75 रुपये. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली. म्हणजे आपल्याकडे सरकारने दोन माणसं पाहिली. एक, ज्याला कोणीच नाही तो. दुसरा, ज्याला घर सोडावं लागतं तो. आमच्या माजघरातल्या खाटेवरची आई या दोन्हींत बसत नव्हती. तिला मुलगा होता, घर होतं. आणि खाटेपाशी उभी असलेली सून तर कुठल्याच कागदावर नव्हती.

याची मुळं जुनी आहेत. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बायकोमुलांच्या पोटगीची सोय होती, आईबापांची नव्हती. 1956 च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याने म्हाताऱ्या आईवडिलांचा हक्क मानला. 1973 च्या नव्या फौजदारी संहितेच्या कलम 125 मध्येही तो आला. लग्न झालेल्या लेकीवरही ही जबाबदारी येते का, हा प्रश्न आपल्या कल्याणच्या एका डॉक्टर लेकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1987 साली निकाल लागला की येते. पुढे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा झाला, महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला. प्रांताच्या पातळीवर न्यायाधिकरण, दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता, सगळं त्यात आहे. त्यातली 'अपत्य' या शब्दाची व्याख्या मी चष्मा पुसून दोनदा वाचली. मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. 2019 साली सुनेला त्या व्याख्येत घेण्याचं विधेयक आलं होतं, ते मंजूर झालं नाही. आणि त्यातही ती यायची होती ती पैसे देणारी म्हणून. राबणारी म्हणून नव्हे.

'निर्वाह' म्हणजे काय, तर अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. रात्री कूस कोणी बदलायची, हे त्यात कुठे लिहिलेलं नाही.

आता पैशाचं बघू. संजय गांधी निराधार योजना 1980 साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, सुरू झाली. महाराष्ट्राने हे काम केंद्राच्या पंधरा वर्षं आधी केलं, याचा अभिमान वाटायला हवा. पुढे पासष्टीच्या पुढच्यांसाठीची योजना आली तिला श्रवणबाळाचं नाव दिलं. दोन्हींची रक्कम 2023 साली महिना 1,500 झाली. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट बरीच वर्षं सालाला 21,000 रुपयांची राहिली. केंद्राचा वाटा तर साठी ते एकोणऐंशीपर्यंतच्या माणसामागे अजून 200 रुपयेच आहे. आमच्याकडे दिवसा जी बाई येते तिला मी महिन्याला 12,000 देतो, आणि ती माझ्या पेन्शनीमुळे देऊ शकतो. गल्लीतल्या निराधाराच्या 1,500 मध्ये तिचे चार दिवसही निघत नाहीत.

2024 साली सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. चांगलंच झालं. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. दवाखान्याच्या फाटकापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत आलं की योजना संपते आणि बाईमाणूस सुरू होतं.

दुसरीकडे काय केलं? जर्मनीत घरचं माणूस सांभाळत असेल तर रोख भत्ता मिळतो, आणि ठरावीक तासांहून जास्त सेवा करणाऱ्या नातेवाइकाचे पेन्शनचे हप्तेही विमा भरतो. जपानने 2000 साली असाच विमा आणला, चाळिशीपासून वर्गणी. पण तिथे रोख न देता सेवाच द्यायची असं ठरलं. तिथल्या बायकांच्या संघटनांनी विरोध केला होता, की पैसे दिले तर सून आणखीच खाटेला बांधली जाईल. हे वाचलं तेव्हा मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शहाण्या आहेत त्या बायका."

परदेशच कशाला, केरळात 2008 च्या धोरणानंतर पंचायतींनी परिचारिका नेमल्या, त्या घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या माणसाला पाहतात. सांभाळणाऱ्यासाठी तिथे महिना 600 रुपयांची वेगळी योजनाही आहे. रक्कम लहान आहे, पण निदान तो माणूस कागदावर आला. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही.

मला विचाराल तर आधी माणूस हवं, मग पैसा. आठवड्यातून दोनदा येणारी शिकलेली परिचारिका, आणि सांभाळणाऱ्याला महिन्यातून चार दिवस सुटी मिळेल अशी सोय. 1995 साली आमच्या घरी एवढं असतं, तर सौ. तिच्या भावाच्या लग्नाला गेली असती. ती गेली नव्हती. हे मला आत्ता, तीस वर्षांनी आठवलं.

श्रवणबाळाची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! कावड त्याच्या खांद्यावर होती, हे खरं. आमच्या घरात ती माझ्या खांद्यावर नव्हती, एवढं आज इथे लिहून ठेवतो.

सौ. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. नातेवाईक मंडळींनो, तुमच्या घरी कोणाचं कोणी केलं, ते नावानिशी मुलांना सांगा.