स्लॅम (ब्रिज)

स्लॅम म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात एकूण 13 हातांपैकी 12 किंवा 13 हात करण्याची बोली लावून ते पूर्ण करणे. 12 हातांच्या बोलीस छोटा स्लॅम (स्मॉल स्लॅम) आणि 13 हातांच्या बोलीस मोठा स्लॅम (ग्रँड स्लॅम) म्हणतात. पहिले सहा हात गृहीत धरले जात असल्याने छोट्या स्लॅमची बोली सहाच्या आणि मोठ्या स्लॅमची बोली सातच्या पातळीवर असते.

पार्श्वभूमी

ऑक्शन ब्रिजमध्ये स्लॅमचे बक्षीस बोली न लावताही मिळत असे. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये तयार केलेल्या गुणपद्धतीत हे बक्षीस केवळ बोली लावून हात करणाऱ्या जोडीपुरते मर्यादित झाले. त्यामुळे आपल्या जोडीच्या पानांची ताकद बोलीतूनच अचूक ओळखणे हे कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमधील महत्त्वाचे कौशल्य ठरले.

गुण

छोट्या स्लॅमसाठी जोडी नॉन-व्हल्नरेबल असल्यास 500 आणि व्हल्नरेबल असल्यास 750 गुण अधिक मिळतात. मोठ्या स्लॅमसाठी हेच गुण अनुक्रमे 1000 व 1500 असतात. गेमचे बक्षीस आणि हातांचे गुण याव्यतिरिक्त मिळतात.

बोली लावणे कधी फायद्याचे, हे याच आकड्यांवरून ठरते. नॉन-व्हल्नरेबल जोडीने 6 इस्पिक बोलून 12 हात केल्यास 980 गुण होतात; 4 इस्पिकवर थांबून तेवढेच हात केल्यास 480. एक हात कमी पडल्यास पहिल्या जोडीचे 50 गुण जातात, तर दुसरीला 450 मिळतात. म्हणजे लाभ व हानी दोन्ही 500 गुणांची असल्याने यशाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्यास छोटा स्लॅम बोलावा. मोठ्या स्लॅममध्ये मात्र छोट्या स्लॅमच्या तुलनेत 500 गुणांच्या लाभासाठी 1030 गुण पणाला लागतात. त्यासाठी सुमारे 67 टक्के शक्यता हवी.

बोली

एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2 आणि गुलामाचा 1 असे मोजल्यास संपूर्ण कॅटमध्ये 40 गुण असतात. सम विभागणीच्या पानांवर 6 नो ट्रम्पसाठी दोन्ही भिडूंचे मिळून सुमारे 33 आणि 7 नो ट्रम्पसाठी 37 गुण लागतात. जोडीकडे 33 गुण असल्यास विरोधकांकडे 7 उरतात, म्हणजे दोन एक्के असू शकत नाहीत. 37 असल्यास त्यांच्याकडे एकही एक्का नसतो. हुकुमाच्या बोलीत लांब रंग आणि एखाद्या रंगात पाने नसणे यांमुळे कमी गुणांवरही स्लॅम होतो.

गुण पुरेसे असले तरी सुरुवातीचे दोन हात विरोधकांना जाणार नाहीत याची खात्री करावी लागते. त्यासाठी पुढील संकेत वापरतात.

ब्लॅकवुड: इझ्ली ब्लॅकवुड यांनी 1930च्या दशकात मांडलेल्या या संकेतात 4 नो ट्रम्प बोलून भिडूकडील एक्के विचारतात. मूळ पद्धतीत 5 किलवर म्हणजे शून्य किंवा चार, 5 चौकट म्हणजे एक, 5 बदाम म्हणजे दोन आणि 5 इस्पिक म्हणजे तीन एक्के.

की-कार्ड ब्लॅकवुड: यात हुकुमाचा राजा पाचवा एक्का मानला जातो.

गर्बर: नो ट्रम्पच्या बोलीनंतर 4 किलवर बोलून एक्के विचारतात.

क्यू-बिड: रंग निश्चित झाल्यावर एखाद्या रंगातील एक्का, राजा, एकच पान किंवा पानांचा अभाव दर्शवणारी बोली.

ब्लॅकवुडमुळे एक्क्यांची संख्या कळते, ते कोणत्या रंगाचे आहेत हे कळत नाही. म्हणून एखाद्या रंगात दोन किरकोळ पाने असताना किंवा एखादा रंगच नसताना क्यू-बिड अधिक उपयुक्त ठरते.

खेळ

स्लॅममध्ये हात गमावण्यास फारसा वाव नसल्याने पहिले पान टाकण्यापूर्वीच आखणी करावी लागते. शक्य तेथे दोन संधी एकत्र साधतात. उदाहरणार्थ, एका रंगात दोन्हीकडे मिळून नऊ पाने असून राणी नसेल, तर आधी एक्का व राजा खेळून राणी पडते का पाहतात (सुमारे 53 टक्के). न पडल्यास दुसऱ्या रंगात फिनेस करतात (50 टक्के). दोन्ही मिळून शक्यता सुमारे 76 टक्क्यांवर जाते. मात्र फिनेस आधी करून तो फसल्यास हात गेलेला असतो.

बचाव

थिओडोर लाइटनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाइटनर डबलमध्ये स्लॅमला डबल देऊन भिडूस नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाची उतारी सुचवली जाते. डबल देणाऱ्याकडे बहुधा एखादा रंग नसतो आणि त्याला तो हुकुमाने कापायचा असतो.

प्रसिद्ध डाव

1975च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत इटली व उत्तर अमेरिका यांच्यातील अंतिम सामन्याच्या अखेरीस इटलीचे जॉर्जिओ बेलादोना आणि बेनितो गारोझ्झो यांनी 7 किलवर बोलले. हुकुमाचा राजा विरोधक एडी कँटर यांच्याकडे होता. डमीत हुकुमाची एक्का व राणी ही दोनच पाने असल्याने फिनेस यशस्वी होऊनही राजा दुसऱ्या फेरीतच पडणे आवश्यक होते. कँटर यांच्याकडे हुकुमाची दोनच पाने असल्याने तसेच घडले. दुसऱ्या टेबलावर अमेरिकी जोडी 6 नो ट्रम्पवर थांबली होती. हा सामना इटलीने जिंकला.