होम थिएटरमधील स्पीकरांची मांडणी व अंशशोधन

होम थिएटरमधील स्पीकरांची मांडणी व अंशशोधन म्हणजे घरातील खोलीत अनेक स्पीकर व सबवूफर योग्य जागी बसवून त्यांची पातळी, अंतर व कंप्रता श्रोत्याच्या आसनाच्या संदर्भात जुळविण्याची प्रक्रिया होय. ५.१ या सर्वपरिचित रचनेत पुढील डावा, मधला व उजवा, तसेच बाजूचे दोन असे पाच स्पीकर आणि खर्ज ध्वनीसाठी एक सबवूफर असतो. मूळ ध्वनिमुद्रणातील दिशा व संवादांची स्पष्टता श्रोत्यापर्यंत पोहोचविणे हा या प्रक्रियेचा हेतू आहे.

खोलीचा परिणाम

स्पीकर तोच असला, तरी खोली बदलली की त्याचा ध्वनी बदलतो. मराठवाड्यातील जुन्या घरांत दगडमातीच्या जाड भिंती व लाकडी तुळयांवर मातीचे माळवद असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अशी घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. त्यानंतर या भागात सिमेंटच्या बांधकामाकडे कल वाढला. नांदेड, लातूर वा धर्माबाद येथील आजच्या स्लॅबच्या घरांत गुळगुळीत गिलावा, फरशी व काच हे पृष्ठभाग ध्वनी फारच थोडा शोषतात. त्यामुळे परावर्तन वाढून संवाद अस्पष्ट होतात. सतरंजी, जाड पडदे किंवा भिंतीवर टांगलेली वाकळ यांनी मध्यम व उच्च कंप्रतेचे परावर्तन कमी होते. खर्जावर मात्र त्यांचा परिणाम नगण्य असतो.

समांतर भिंतींमध्ये खर्ज ध्वनीच्या स्थिर लहरी निर्माण होतात. त्यांची सर्वांत कमी कंप्रता ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागून मिळते. १२ × १० फुटांच्या व १० फूट उंचीच्या खोलीत लांबीच्या दिशेने ती सुमारे ४७ हर्ट्झ, तर रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झ येते. येथे रुंदी व उंची समान असल्याने ५६ हर्ट्झचा परिणाम दुणावतो आणि खर्ज घुमतो. या पहिल्या लहरींचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक व मध्यभागी किमान असतो. म्हणून आसन भिंतीला टेकवून किंवा खोलीच्या ऐन मध्यावर ठेवणे टाळतात.

स्पीकरांची जागा

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीनुसार मधला स्पीकर शून्य अंशावर, डावा व उजवा प्रत्येकी ३० अंशांवर आणि बाजूचे स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत. घरगुती मांडणीत पुढील दोन स्पीकरांसाठी २२ ते ३० अंशांचा कोन स्वीकारार्ह मानला जातो. वरील खोलीत टीव्ही १० फुटी भिंतीवर असल्यास पुढील स्पीकरांत सुमारे २.१ मीटर अंतर ठेवून आसन समोरच्या भिंतीपासून सुमारे २.४ मीटरवर घेता येते. उच्चस्वरी ध्वनी देणारा ट्विटर कानाच्या उंचीवर असावा. बाजूचे स्पीकर कानाच्या पातळीवर किंवा थोडे वर बसवितात.

चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो कपाटाच्या खणात आत ढकलल्यास आवाज कोंदट होतो. मराठीबरोबर तेलुगूही कानी पडणाऱ्या धर्माबादसारख्या सीमेवरील गावात, कमी परिचयाच्या भाषेतील चित्रपट पाहताना ही अस्पष्टता अधिक जाणवते.

सबवूफरची जागा

कोपऱ्यात सबवूफरचा आवाज वाढतो, परंतु घुमण्याचा दोषही वाढू शकतो. योग्य जागा शोधण्याची एक सोपी रीत आहे. सबवूफर तात्पुरता आसनाच्या जागी ठेवून खर्जाचे संगीत लावतात. मग भिंतीलगत जमिनीजवळ कान नेत फिरतात आणि जिथे खर्ज एकसारखा व स्पष्ट ऐकू येतो, तिथे सबवूफर हलवितात. स्रोत व श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातील ध्वनिवहन सारखेच राहते, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे.

अंशशोधन

प्रथम सर्व तारांचे धन व ऋण टोक तपासतात. एका स्पीकरची टोके उलट जोडल्यास खर्ज क्षीण होतो. त्यानंतर पुढील बाबी क्रमाने जुळवितात :

१. अंतर : प्रत्येक स्पीकरचे आसनापासूनचे अंतर रिसीव्हरमध्ये नोंदवितात. ध्वनीला १ मीटरसाठी सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. जवळच्या स्पीकरला तेवढा विलंब दिल्याने सर्व ध्वनी एकाच वेळी पोहोचतात.

२. विभाजन कंप्रता : लहान स्पीकरांसाठी ती सामान्यतः ८० हर्ट्झ ठेवतात. त्याखालील खर्ज सबवूफरकडे जातो.

३. पातळी : रिसीव्हरचा चाचणी ध्वनी लावून आसनाजवळ प्रत्येक स्पीकरची पातळी ध्वनिमापकावर ७५ डेसिबल येईल असे जुळवितात. मोबाइलमधील ॲप स्पीकरांच्या तुलनेसाठी उपयुक्त असते, पण खर्जाच्या मापनासाठी ते भरवशाचे नसते.

४. कला : सबवूफरवरील ० व १८० अंशांपैकी ज्या स्थितीत विभाजन कंप्रतेजवळचा ध्वनी आसनावर अधिक भरीव येतो, ती निवडतात.

मापनाच्या वेळी पंखा व कूलर बंद ठेवणे आवश्यक असते. ध्वनीचा वेग २०° सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४०° सेल्सिअसला सुमारे ३५५ मीटर असतो. हा फरक अल्प असल्याने ऋतूनुसार अंशशोधन पुन्हा करावे लागत नाही. सामान किंवा आसन हलविल्यास मात्र ते करावे लागते. सबवूफरमधून येणारी ५० हर्ट्झची अखंड गुणगुण हा बहुधा अर्थिंगचा दोष असतो. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणे धोकादायक आहे.

श्रवण व शेजार

प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मानके आहेत. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मानकांपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. खर्ज ध्वनी भिंती व स्लॅबमधून सहज पलीकडे जातो. त्यामुळे सामाईक भिंत असलेल्या घरांत सबवूफर त्या भिंतीपासून दूर ठेवणे, त्याखाली रबराचे पाय बसविणे आणि रात्री त्याची पातळी कमी करणे इष्ट ठरते. परीक्षेच्या दिवसांत, आजारी वा वृद्ध शेजाऱ्यांच्या बाबतीत ही काळजी विशेष महत्त्वाची असते.