अंतःस्रावी विकार : रुग्णपरिचर्या

अवटू, स्वादुपिंड, अधिवृक्क, पोष इत्यादी ग्रंथींच्या विकारांतील शुश्रूषा. दिल्लीत १९५६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. परिचर्येचे पदवीशिक्षण दिल्लीत १९४६ मध्ये सुरू झाले. ते जिथे सुरू झाले ती संस्था आज राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

अवटूच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास जोखमीचे. रक्त ओघळून मानेमागे साचते, म्हणून वरची पट्टी कोरडी दिसली तरी परिचारिकेने मानेखाली हात घालून पाहावेच. गळ्यावर सूज किंवा श्वासात घरघर आढळताच शल्यचिकित्सकाला बोलवावे. ओठांभोवती मुंग्या येणे ही रक्तातील कॅल्शियम घटल्याची खूण. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवे.

मधुमेहात रक्तशर्करा ७० मिग्रॅ./डेसिलि. खाली गेल्यास शुद्धीवरील रुग्णाला १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. घरी पाठवतानाची शिकवण मात्र वारंवार घाईत उरकली जाते, आणि तीच सर्वांत मोलाची. दिल्लीचा उन्हाळा ४५° से. गाठतो, फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिनची कुपी पिशवीत बांधून पाण्याच्या माठात, गारव्याला ठेवण्यास सांगावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत, हे नातेवाइकांनाही बजावावे.