१ रुपया = १ डॉलर? आणि दोन पेन्सांचं भांडण

१५ ऑगस्ट जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास येतो. '१९४७ साली १ रुपया म्हणजे १ डॉलर होता, बघा आपण कुठून कुठे आलो!' फॅमिली ग्रुपवर कुणीतरी काका टाकतात, खाली दहा जण हात जोडतात. आज आधी त्या फॉरवर्डचा हिशेब करू, आणि मग त्याच्या मागे दडलेल्या एका जुन्या भांडणाकडे वळू.

१९४७ मध्ये रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचे १८. भागाकार केला की १ पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै, आजच्या भाषेत सुमारे १३.३३ रुपये. पौंड होता ४.०३ डॉलरला. म्हणजे १ डॉलर साधारण ३.३० रुपयांना! पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवर आणला, भारतानेही रुपया त्याच प्रमाणात उतरवला आणि डॉलर झाला ४.७६ रुपये. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर ७.५० रुपये. या हिशेबात १ ला १ कुठेच बसत नाही.

फॉरवर्ड इथेच निकालात निघाला. पण ते १८ पेन्स आले कुठून? खरी गोष्ट तिथे आहे.

१८७० च्या आसपास रुपया जवळपास २ शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सचा होता. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. जर्मनीसारखे देश चांदी सोडून सोन्याकडे वळले, चांदीचा भाव पडत गेला आणि सोबत रुपयाही. १८९२-९३ पर्यंत तो १५ पेन्सच्या आसपास आला. इथे इंग्रज सरकारची पंचाईत झाली. कर गोळा व्हायचा रुपयांत, पण लंडनमधली पेन्शनं आणि कर्जावरचं व्याज द्यायचं पौंडांत. या खर्चाला 'होम चार्जेस' म्हणायचे. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये मोजावे लागायचे, आणि ते येणार रयतेकडूनच.

म्हणून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी बंद केल्या. म्हणजे काय, तर चांदी घेऊन जा आणि रुपये पाडून आणा, ही लोकांची सोय संपली. रुपये कमी, म्हणून भाव वर. शतक संपेपर्यंत रुपया १६ पेन्सवर स्थिरावला, पौंड १५ रुपयांना. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि सगळं विस्कटलं. १९२० मध्ये सरकारने रुपया २ शिलिंगांवर धरायचा प्रयत्न केला, तोही फसला. मग १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोग नेमला गेला. त्याच्यापुढचा सगळ्यात तापलेला प्रश्न होता: रुपया १६ पेन्सचा की १८ चा?

फक्त दोन पेन्स! पण जरा आकडे मांडून बघा. समजा मुंबईच्या व्यापाऱ्याने १०० पौंडांचा कापूस विकला. १६ पेन्सच्या दराने हातात १५०० रुपये, १८ च्या दराने १३३३. शिवाय १८ पेन्सच्या दराने लँकेशायरचं कापड इथे स्वस्त पडणार. त्यामुळे मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी १६ साठी अडून बसले. आयोगाचे सदस्य आणि कापसाचे बडे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी तर वेगळं मत नोंदवलं. सरकारला मात्र १८ हवा होता, कारण होम चार्जेस स्वस्त होतात. चित्र सरळ दिसतं: एकीकडे परकी सरकार, दुसरीकडे देशी उद्योग.

पण परळच्या बीआयटी चाळीत, गिरणगावात राहणाऱ्या एका माणसाने वेगळाच प्रश्न आधीच विचारून ठेवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९२३ मध्ये लंडनला निघालं, आणि या आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. पुस्तकातला त्यांचा मुद्दा असा: रुपया स्वस्त ठेवला की देशातल्या किमती चढतात. व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो बाहेरून देशात येत नाही. तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. पगार तेवढाच, धान्य महाग, म्हणजे भार मजुरावर.

शेवटी १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स ठरले. मग कामगार सुखी झाला का? तसंही नाही. स्वस्त आयात कापडाचा दबाव आला की मालक खर्च कापायला बघतात, आणि सगळ्यात आधी दिसतो तो पगार. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. त्याची कारणं अनेक होती, कामाचा वाढता बोजा हे मोठं. सगळं खापर विनिमय दरावर फोडता येणार नाही. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याचं कर्ज आणि सारा मात्र रुपयांत होता तेवढाच राहिला. दर चढा असला तरी कुणीतरी मोजतच होतं.

मी आयटीत काम करतो. क्लायंट डॉलरमध्ये पैसे देतो, त्यामुळे रुपया घसरला की आमच्यासारख्या कंपन्यांच्या हिशेबात चार पैसे जास्त दिसतात. त्याच दिवशी आयात होणारं तेल महागतं. रिक्षावाल्याला डॉलरमध्ये कुणी भाडं देत नाही.

तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला की काकांना ३.३० चा हिशेब पाठवा, प्रेमाने. आणि टीव्हीवर 'रुपया घसरला' अशी पट्टी दिसली की बाबासाहेबांचा प्रश्न आठवा: यात कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातंय? भेटू पुढच्या भागात.