गोंदियातले ड्रॉइंग मास्तर आणि त्यांचे गुरू

 

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आपण चित्राबद्दल बोलू. गटाच्या बैठकांना गावोगाव फिरताना आमच्या कानावर एक वाक्य नेहमी येतं. पोरगी वहीत चित्र काढत बसलेली असते, समोर कॅलेंडर नाहीतर पुस्तक उघडं असतं. कुणीतरी म्हणतं, ‘‘हे काय चित्र झालं? ही तर नक्कल!’’ पोरगी वही मिटते. पुष्कळदा ती पुन्हा उघडत नाही. आणि शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेची फी भरायची वेळ आली, की तीच पहिल्यांदा कापली जाते.

दुसऱ्याचं चित्र बघून शिकणं म्हणजे चोरी का? याचं उत्तर द्यायला आम्ही एका माणसाचा इतिहास सांगणार आहोत. हा माणूस जगभर नावाजला गेला. आणि बऱ्याच जणींना माहीत नसेल, पण तरुणपणी थोडा काळ तो आपल्या गोंदियात ड्रॉइंग मास्तर होता. त्याचं नाव सय्यद हैदर रझा.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. मंडला आपल्याला परका नाही. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जाणारी छोटी लाईन आपल्या आया-आज्यांना पाठ होती. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच मध्यप्रांतात होता. वडील जंगल खात्यात डेप्युटी रेंजर. घराभोवती सागाचं, सालाचं रान, जवळ नर्मदा. रात्रीच्या जंगलाची भीती आणि दिवस उजाडल्यावरचा धीर, हे लहानपणीच मनात बसलं.

शाळेत या पोराचं लक्ष लागत नसे. ककैयाच्या शाळेतले नंदलाल झारिया मास्तर कंटाळले नाहीत. त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि पोराला सांगितलं, बाकी सगळं विसर आणि याच्याकडे बघत राहा. चित्रकलेचा हा पहिला धडा. यात पेन्सिल नव्हती, रंग नव्हता. नुसतं बघणं होतं. हा ठिपका ध्यानात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

दमोहला हायस्कूल झालं आणि 1939 मध्ये रझा नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या काळच्या कलाशाळांत शिक्षण कसं असे? समोर वस्तू ठेवायची आणि ती जशीच्या तशी उतरवायची. घडा, फळं, पुतळा, मग माणूस. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे बघत बघत हात वळवायचा. नागपूरचं शिक्षण घेतलेल्या या पोरानं पोटासाठी गोंदियात मुलांना चित्रकला शिकवली.

मग सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. 1943 मध्ये रझा मुंबईला गेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला. पण पोचायला उशीर झाला आणि प्रवेश बंद झालेला. सरकारनं अकोल्याला चित्रकला शिक्षकाची नोकरी देऊ केली. महिन्याचा पगार, आपल्या मुलखातली शाळा. आपल्यातल्या कुणीही म्हटलं असतं, बाबा, घे ती नोकरी. रझांनी ती घेतली नाही. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या ठिकाणी कामाला लागले, छपाईचे ब्लॉक तयार होत तिथे. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची चित्रं. पुढे जे. जे. चं शिक्षणही पूर्ण केलं.

मुंबईत त्यांना शाळेबाहेरचे गुरू भेटले. युरोपात हिटलरच्या राजवटीमुळे काही माणसं देश सोडून मुंबईत आली होती. वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियाचे चित्रकार टाइम्स ऑफ इंडियात कला संचालक होते. रुडॉल्फ फॉन लायडेन चित्रांवर लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे. युरोपातल्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती तिथे बघायला मिळत. एका चित्रासमोर बसून चर्चा चाले: हा रंग इथेच का, ही रेघ अशी का वळली. तेव्हा ना मोबाइल, ना रंगीत पुस्तकं. अशी एक छापील प्रत म्हणजे खजिनाच.

1946 मध्ये रझांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. 1947 मध्ये सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला: सुझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. यातले हरी अंबादास गाडे आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. कुणाकडे पैसा नव्हता. एकमेकांची चित्रं बघायची, तोंडावर टीका करायची, आणि प्रदर्शन मात्र मिळून भरवायचं. आपण गटात बसणाऱ्या बाया आहोत. एकटीला जे झेपत नाही ते दहाजणींना झेपतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण खरी कलाटणी 1948 मध्ये काश्मीरात मिळाली. श्रीनगरला रझांची चित्रं आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरनं बघितली. महात्मा गांधींचे शेवटच्या दिवसांतले फोटो काढणारा हाच तो माणूस. तो म्हणाला, तुझ्यात गुण आहे, पण तुझ्या चित्रांत बांधणी नाही. घराला जसा पाया लागतो, भिंती लागतात, छप्पर लागतं, तसं चित्र उभारावं लागतं. सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर.

बक्षीस मिळालेल्या, नाव होऊ लागलेल्या सव्वीस वर्षांच्या माणसाला कुणी असं बोललं तर राग येईल की नाही? रझांनी राग धरला नाही. मुंबईला परत येऊन फ्रेंच भाषा शिकायला लागले. ही भाषा आली तरच सेझानच्या देशात जाऊन शिकता येईल, इतका साधा हिशेब. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबर 1950 मध्ये ते पॅरिसला पोचले. या काळात घरही विस्कटलं होतं. फाळणी झाली, आई-वडील गेले, भावंडं पाकिस्तानात गेली. रझांनी भारताचं नागरिकत्व सोडलं नाही.

पॅरिसच्या कलाशाळेत 1950 ते 1953 शिक्षण झालं. पण तिथली मोठी शाळा म्हणजे संग्रहालयं. आजवर ज्यांच्या छापील प्रती बघितल्या ती मूळ चित्रं आता समोर होती. पॉल सेझान 1906 मध्येच वारला होता. त्यानं काय केलं होतं? आपल्या गावाजवळचा एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवला. सफरचंदं पुन्हा पुन्हा रंगवली. दरवेळी एकच प्रश्न: हे सगळं एकमेकांवर टेकून उभं कसं राहतं? रझांनी सेझानची सफरचंदं उतरवली नाहीत, त्याचा प्रश्न उचलला. 1951 च्या सुमाराची त्यांची चित्रं बघा. दक्षिण फ्रान्समधल्या कान्य गावची घरं, अगदी चौकोन-त्रिकोण होऊन एकमेकांना रेटून उभी आहेत. मुंबईच्या ओल्या, वाहत्या रंगांतला माणूस आता विटेवर वीट ठेवत होता. पुढे व्हॅन गॉगकडून जाड रंगाचा जोर घेतला. 1956 मध्ये फ्रान्समधला ‘समीक्षक पुरस्कार’ त्यांना मिळाला. हा पुरस्कार मिळालेले ते पहिलेच बिगर-फ्रेंच चित्रकार.

त्याच कलाशाळेत जानीन मोंजिला ही फ्रेंच मुलगी शिकत होती. 1959 मध्ये दोघांनी लग्न केलं. जानीन स्वतः चित्रकार होत्या आणि शेवटपर्यंत आपलं काम करत राहिल्या. एका घरात दोन चित्रकार. दोघांचं काम वेगळं, पण रोज एकमेकांचं बघणं होतंच.

1962 मध्ये रझा अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकवायला गेले. गोंदियात मास्तर होते, आता तिथे मास्तर. पण शिकवता शिकवता शिकलेच. तिथे मार्क रॉथ्को यांची चित्रं बघितली. नुसते रंगाचे मोठे पट्टे. ना घर, ना झाड, तरी बघणारा थांबून जातो. रझांनी घरं-डोंगर हळूहळू सोडले. तेलरंग सोडून ॲक्रिलिक घेतलं.

नाव होतं, पैसा होता. तरी 1970 नंतर त्यांना वाटू लागलं, की हे सगळं चांगलं आहे, पण यात माझं काय? मग ते भारतात फेऱ्या मारू लागले. अजिंठा-वेरूळ बघितलं, बनारस, गुजरात, राजस्थान बघितलं. जुन्या जैन पोथ्यांतली आणि राजपूत शैलीतली लघुचित्रं अभ्यासली. चित्राचे चौकटींत भाग पाडायचे, लाल-पिवळ्याचा धीटपणा ठेवायचा, हे त्यांनी आता आपल्याच देशातल्या जुन्या कारागिरांकडून घेतलं. त्यातल्या पुष्कळांचं तर नावही कुणाला ठाऊक नाही.

आणि मग तो ठिपका परत आला. झारिया मास्तरांचा. मोठा, काळा, चित्राच्या मधोमध. त्याला रझांनी ‘बिंदू’ म्हटलं. आज रझा म्हटलं की लोकांना बिंदूच आठवतो. 1983 चं त्यांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र 2010 मध्ये लिलावात 16 कोटींवर रुपयांना गेलं. त्यांना 1981 मध्ये पद्मश्री, 2007 मध्ये पद्मभूषण आणि 2013 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 2010 च्या अखेरीस ते कायमचे भारतात आले. 23 जुलै 2016 रोजी दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रझा आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं बघत होते. नक्कल केली का? सुरुवातीला हात वळवायला केलीच असेल. प्रत्येक विद्यार्थी करतो. पण नुसती नक्कल करणारा एकाच गुरूपाशी अडकून राहतो. रझांनी सेझानकडून बांधणी घेतली, सफरचंद ठेवून दिलं. रॉथ्कोकडून रंगावरचा विश्वास घेतला, त्याचे पट्टे ठेवून दिले. काय घ्यायचं आणि काय ठेवायचं, हे कळायला पन्नास वर्षं गेली.

आपलंही असंच असतं. रोवणी शिकणारी पोरगी बांधीत उतरल्यावर आधी शेजारच्या बाईचा हात बघते. पऱ्हं किती बोटांत धरायचं, किती खोल खोचायचं. तिला कुणी चोर म्हणत नाही. ठिपक्यांची रांगोळी आपण आईची बघून शिकलो. दोन वर्षांनी त्यात आपलं एक फूल आलंच. मग कागदावरच्या चित्राला वेगळा न्याय का?

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे. पोरगी बघून चित्र काढत असेल तर काढू द्या. फक्त शेजारी बसून तिला विचारा: यात तुला काय आवडलं? हे त्यानं कसं केलं असेल? आणि तू काढलंस तर यात वेगळं काय करशील? आपल्याला चित्रातलं कळत नसलं तरी चालेल, उत्तर ती शोधेल. जुनी कॅलेंडरं, मासिकांची रंगीत पानं चुलीत घालू नका, तिच्यासाठी ठेवा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा असतात. त्यांची चौकशी शाळा सुरू झाल्या झाल्या ड्रॉइंगच्या शिक्षकांकडे करा. फीची अडचण असेल तर गटाच्या बैठकीत मांडा, लाजू नका. बियाण्यासाठी आपण गटातून उचल घेतो, तशी रंगपेटीसाठीही घेता येते.

पुढच्या आठवड्यात गटांच्या वार्षिक हिशेबाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.